अणू मोजायचे की मूलक अख्खा धरायचा?

रासायनिक समीकरण संतुलित करताना सुटे अणू मोजावेत, की मूलक, म्हणजे एकत्र वागणारा अणूंचा गट, एकच धरावा? गढूळ पाण्यात तुरटी आणि चुना टाकतात, तिथली अभिक्रिया घ्या:

ॲल्युमिनियम सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट

अणू मोजत गेलं तर ऑक्सिजन डोकं खातो. तो चारही संयुगांत आहे. एकीकडे जुळवला की दुसरीकडे बिघडतो. शेवटी दोन्ही बाजूंना १८ भरतात, पण तोवर कच्च्या कामाचं पान संपलेलं असतं. त्याऐवजी सल्फेट आणि हायड्रॉक्साइड हे मूलक अख्खे धरा. डावीकडे ॲल्युमिनियम सल्फेटच्या सूत्रात सल्फेट ३, म्हणून कॅल्शियम सल्फेटला ३. मग कॅल्शियम ३ लागले, म्हणून चुन्याला ३. त्यातून हायड्रॉक्साइड ६ आले. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या एका रेणूसूत्रात ३ असतात, म्हणून त्याला २. ॲल्युमिनियम आपोआप जुळलं. सहगुणक, म्हणजे सूत्रांआधीचे आकडे, १, ३, २, ३.

दहावीच्या दुहेरी विस्थापनाला, म्हणजे दोन संयुगांच्या आयनांची अदलाबदल होते तिथे, हीच पद्धत घ्यावी. अट एवढीच की सूत्रं आधी संयुजेवरून (मूलद्रव्याच्या वा मूलकाच्या जोडणी-क्षमतेवरून) पक्की करा. हायड्रॉक्साइडचा कंस विसरून ३ लिहिला, तर तो एकट्या हायड्रोजनला लागतो आणि पुढचं सगळं चुकतं. जुळत नाही म्हणून पादांक (सूत्रातला खालचा छोटा आकडा) बदलणं तर त्याहून वाईट, कारण पदार्थच बदलतो.

मूलक फुटतो तिथे मात्र अणूच मोजा. तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल हा ठरलेला सापळा: तांबं ३, आम्ल ८, उजवीकडे कॉपर नायट्रेट ३, नायट्रिक ऑक्साइड २, पाणी ४. आठांपैकी सहा नायट्रेट शाबूत राहतात, दोन फुटतात.

अकरावी-बारावीला, लातूर-नांदेडला नीटची तयारी करणाऱ्यांना, निव्वळ आयनिक समीकरणही, म्हणजे प्रत्यक्ष बदलणारे आयन (प्रभारित कण) तेवढे दाखवणारं समीकरण, यायलाच हवं. बोअरच्या कठीण (दुष्फेन) पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की कॅल्शियम क्लोराइड असो वा सल्फेट, घडतं एकच: कॅल्शियम आयन + कार्बोनेट आयन → कॅल्शियम कार्बोनेट. बाकीचे आयन नुसते बघे. सुटे लिहायचे ते विरघळून पूर्ण वियोजन पावणारेच (आयनांत वेगळे होणारेच). अवक्षेप (तळाशी बसणारा न विरघळणारा पदार्थ), पाणी, वायू आणि ॲसेटिक आम्लासारखी सौम्य आम्लं अख्खी ठेवायची.

इथे प्रभारही जुळावा लागतो. ॲल्युमिनियम धातू कॉपर आयनांच्या द्रावणातून तांबं बाहेर काढतो आणि स्वतः आयन होतो, तिथे ॲल्युमिनियम १ आणि कॉपर आयन १ लिहिलं, तर अणू बरोबर दिसतात, पण प्रभार डावीकडे +२, उजवीकडे +३. ॲल्युमिनियम २, कॉपर आयन ३ घ्या; दोन्हीकडे +६ येतात.