एसएचआरएम-सीपी की पीएचआरआय: नागपुरातून तयारी करताना

बुटीबोरी किंवा मिहानमधील नोकरी सांभाळून मनुष्यबळ व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवू पाहणाऱ्यांसमोर बहुधा परीक्षा देऊन मिळणारी ही दोन प्रमाणपत्रे येतात: अमेरिकेतील एसएचआरएम या संस्थेचे एसएचआरएम-सीपी आणि एचआरसीआय या संस्थेचे पीएचआरआय. पीएचआरआयसाठी या क्षेत्रातील अनुभव दाखवावा लागतो. एसएचआरएम-सीपीला पदवीची वा पदनामाची सक्ती नाही. मात्र खरा फरक प्रश्नांच्या घडणीत आहे.

पीएचआरआयमध्ये भरती, मोबदला, प्रशिक्षण यांतील संकल्पना पक्क्या असल्या की बरेच अंतर कापले जाते, त्यामुळे टिपणे काढून नेमाने उजळणी करणाऱ्याला ही परीक्षा सोयीची वाटते. एसएचआरएम-सीपीच्या 134 प्रश्नांपैकी 54 प्रसंगाधारित असतात. समजा, कुशल कामगार पर्यवेक्षकाच्या बोलण्याला कंटाळून राजीनामा देतो. पुढे दिलेली चारही उत्तरे वरवर योग्यच दिसतात, आणि त्यांतले सर्वांत परिणामकारक कोणते हे तज्ज्ञांच्या एकमतावरून ठरलेले असते. इथे आपल्या कारखान्यातली रीत आड येते, कारण ‘साहेबांना विचारून सांगतो’ हे आपले नेहमीचे उत्तर तिथे सहसा गुण मिळवून देत नाही. पाठांतरापेक्षा सराव प्रश्नांची कारणमीमांसा वहीत लिहिणे म्हणूनच अधिक उपयोगी ठरते.

दोन्ही प्रमाणपत्रे पुढे टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत 60 श्रेयांक लागतात, आणि भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआयचे भारतीय नियम दोन्हींत विचारले जात नाहीत. हिंगण्यातील लहान उद्योगात राहायचे असल्यास आधी कामगार कायद्याची पदविका करावी, असे माझे मत आहे. बहुराष्ट्रीय कंपनीकडे डोळा असेल, तर एसएचआरएम-सीपी.