दवाखान्याच्या खाटेवर केलेल्या सह्या

११ फेब्रुवारी २०२५ रोजी संध्याकाळी मी दुचाकीवरून उंब्रजहून कराडकडे येत असताना पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या सेवा रस्त्यावर मागून आलेल्या मोटारीने मला धडक दिली आणि माझ्या उजव्या पायाच्या नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले. शस्त्रक्रिया करून आत सळई घालावी लागली. माझा फॅब्रिकेशनचा लहान व्यवसाय आहे. ग्रिल, दरवाजे आणि पत्र्याच्या शेडची कामे मी स्वतः उकिडवे बसून, वेल्डिंगचा होल्डर हातात धरून करत आलो. धडक मागून बसली होती, मोटारीचा विमा चालू होता आणि पोलिसांनी चालकावर गुन्हाही नोंदवला होता. इतके सगळे माझ्या बाजूने असूनही मी फसवला गेलो. ज्याने मला फसवले तो माणूस आजही दवाखान्यांमधून फिरतो असे कानावर येते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी हातात निळी प्लास्टिकची फाईल घेतलेला एक गृहस्थ थेट माझ्या खाटेपाशी आला. त्याला माझे नाव, गाव, गुन्ह्याचा रजिस्टर नंबर आणि समोरच्या गाडीचा क्रमांक हे सर्व ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर याच गोष्टीमुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला. आपण वकीलसाहेबांकडे क्लेमची कामे पाहतो, असे त्याने सांगितले. "वहिनी, तुम्ही दादांच्या तब्येतीकडे बघा, कागदांचं मी बघतो," असे तो माझ्या पत्नीला म्हणाला. आता काही द्यायचे नाही, पैसे मंजूर झाल्यावर शंभरातले तीस साहेबांचे, असा व्यवहार त्याने मांडला. आगाऊ पैसे न मागणारा माणूस प्रामाणिक असतो, असे तेव्हा आम्हा दोघांनाही वाटले. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई केली आहे, हे मला पुष्कळ नंतर समजले. दवाखान्यात माणसे पाठवून पक्षकार मिळवणेही त्याच नियमांत बसत नाही.

त्या दिवशी झालेल्या सह्यांचा प्रसंग अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. डाव्या हाताला सलाईन होते आणि वेदनाशामक इंजेक्शनमुळे डोळे मिटत होते. त्याने फाईल माझ्या छातीवर पाटीसारखी धरली आणि एकेक कागद पुढे सरकवत गेला: एक वकीलपत्र, दोन कोरे लेजर पेपर (कोर्टकामाचे जाड कागद) आणि पाचशे रुपयांचा एक मुद्रांक, ज्यावर एक अक्षरही लिहिलेले नव्हते. पत्नीने विचारले, "अहो, कोऱ्या कागदावर सही कशाला?" त्यावर तो म्हणाला, "वहिनी, टायपिंग कोर्टात होतं, प्रत्येक कागदासाठी दादांना असं पाय घेऊन आणायचं का?" मला सही करता येत असूनही त्याने सह्यांसोबत अंगठेही घेतले. त्या शाईचा निळा डाग चादरीवर पडला, तो पत्नीने घरी आल्यावर बराच वेळ घासला.

घरी सोडल्यावर तो येऊन मूळ बिले, एक्स-रे आणि औषधांच्या पावत्या घेऊन गेला. झेरॉक्स काढून परत देतो म्हणाला, पण त्या परत आल्या नाहीत. पोलिसांकडून एफआयआर आणि पंचनामा काढण्यासाठी ३,५०० रुपये, कोर्टाच्या स्टँपसाठी १२,००० आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ६,००० असे एकूण २१,५०० रुपये त्याने टप्प्याटप्प्याने घेतले. आता काही द्यायचे नाही, हे बोलणे केव्हाच मागे पडले होते. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत तक्रारदाराला किंवा पीडिताला विनामूल्य द्यावी लागते. म्हणजे जो कागद पोलीस ठाण्यात मागितल्याबरोबर मिळायला हवा होता, त्यासाठीही मी पैसे मोजले.

त्याचे बोलणे पूर्ण खोटे कधीच नसे, त्यात अर्धे खरे मिसळलेले असे, आणि ते ओळखणे सर्वांत कठीण गेले. गंभीर दुखापतीला कायद्याने अडीच लाख ठरलेले आहेत, त्याहून जास्त कोणालाच मिळत नाही, असे तो सांगे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये अडीच लाखांची तरतूद आहे, ही गोष्ट खरी. चालकाचा दोष सिद्ध न करताही ती रक्कम मागता येते. परंतु चालकाचा निष्काळजीपणा दाखवून कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तर अशी मर्यादा राहत नाही. तेथे उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, भोगलेल्या वेदना आणि पुढे कमी होणारे उत्पन्न या सर्वांचा हिशेब होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातील कोष्टकाप्रमाणे माझ्या ४२ वर्षांच्या वयाला १४ हा गुणक लागतो, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला १४ ने गुणतात. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने, अवयवाचे अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्या अपंगत्वामुळे त्या माणसाच्या धंद्यातील कमाई किती घटली हे पाहावे, असे सांगितले आहे. माझ्यासारख्या बसून वेल्डिंग करणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे, आणि त्या गृहस्थाने माझ्या उत्पन्नाचा एकही कागद कधी मागितला नव्हता. तेथेच मला शंका यायला हवी होती.

मार्चपासून जुलैपर्यंत तो फोनवर तारखा सांगत राहिला. समन्स निघाले, कंपनीचा वकील हजर झाला, पुढची तारीख पडली, असे सगळे तपशीलवार असे. खूप मागे लागल्यावर त्याने औषधाच्या बिलाच्या पाठीवर एक केस नंबर लिहून दिला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या थोरल्या मुलीने तो नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला. अपघाताच्या दाव्याच्या नंबरापुढे 'एमएसीपी' असे असते. या नंबरापुढे 'एससीसी', म्हणजे फौजदारी खटल्याची खूण होती आणि उघडलेला खटला कोणा दोन अनोळखी माणसांमधला चेक न वटल्याचा होता. मग तिने पक्षकाराच्या नावाने शोधले. माझ्या नावावर काहीच नव्हते. "बाबा, दावाच लावलेला नाही," असे ती म्हणाली, तेव्हा आम्ही सगळेच काही वेळ गप्प बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात गेलो. तेथील वकीलबाईंनी पहिला प्रश्न अपघाताच्या तारखेचा विचारला आणि बोटांवर महिने मोजले. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे कलम १६६ चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, आणि माझ्या हातात दोन आठवडे उरले होते. त्या माणसाने 'मुदत' हा एक शब्द साडेपाच महिन्यांत एकदाही उच्चारला नव्हता. मुदतीचा मुद्दा निघाला की भरपाई हातची जाण्याचा धोका असतो आणि ज्याने दावा लावलाच नाही त्याला कोणी विचारतही नाही.

मूळ बिलांशिवाय अर्ज उभा करणे हे वेगळेच काम होते. दवाखान्याने १,८६,४०० रुपयांच्या बिलांच्या प्रमाणित प्रती दिल्या. औषध दुकानाने संगणकावरून पावत्या पुन्हा काढून दिल्या. मात्र व्यायामोपचार करणाऱ्यांनी हाताने लिहून दिलेल्या पावत्या कायमच्या गेल्या. औषध दुकानातल्या थर्मल कागदावरच्या ज्या दोन-चार पावत्या चुकून घरात राहिल्या होत्या, त्यांच्यावरचे अक्षर उडून कागद कोरा झाला होता. अशा पावत्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढून ठेवावी आणि मूळ कागद, कोणी कितीही आपलेपणाने मागितला तरी, न्यायालयात दाखल करण्याच्या दिवसापर्यंत घरातच ठेवावा. ठरावीक फी सांगून पावती देणारे वकील मी नेमले आणि ६ ऑगस्ट रोजी, मुदतीच्या पाच दिवस आधी, अर्ज दाखल झाला.

कोऱ्या मुद्रांकाचे काय झाले, ते मोटारमालकांकडे गेल्यावर कळले. ते निवृत्त गृहस्थ आहेत. मला कुबडी घेऊन दारात उभा पाहून ते गोंधळले आणि आतून एक कागद घेऊन आले. रस्त्यात कुत्रे आडवे आल्याने माझी दुचाकी घसरली, मोटारचालकाचा काही दोष नाही, मला ४०,००० रुपये पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली असून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, असा मजकूर माझ्या सहीच्या वर टंकलेला होता. "तुमच्याच माणसाने रोख पैसे नेले हो," असे ते म्हणाले. माझ्या हाती त्यातला एक रुपयाही आला नव्हता. कागदावर नोटरीचा शिक्का २० फेब्रुवारीचा होता आणि त्या दिवशी मी नोटरीसमोर हजर होतो, असे खाली लिहिलेले होते. माझ्या डिस्चार्ज कार्डावर दाखल दिनांक ११ फेब्रुवारी आणि सुट्टी २४ फेब्रुवारी अशी नोंद आहे. तो घरी बिले न्यायला आला, त्या दिवशी तेच कार्ड पत्नीने त्याच्या फाईलमध्ये न टाकता स्वतःच्या पर्समध्ये ठेवले होते.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली असून मोबाईलवरून पाठवलेल्या १२,००० रुपयांची नोंद तिला जोडली आहे. रोख दिलेल्या रकमेचा पुरावा माझ्याकडे नाही. ज्या वकिलांचे नाव तो सांगत असे, त्यांनी हा माणूस काही वर्षांपूर्वी आपल्याकडे कारकून होता आणि त्याला काढून टाकले, असे लेखी दिले आहे. विमा कंपनीने आपल्या कैफियतीसोबत, म्हणजे लेखी उत्तरासोबत, तोच मुद्रांक जोडून माझा दावा फेटाळण्याची मागणी केली आहे, त्यामुळे माझी उलटतपासणी बहुतेक त्या सहीवरच होईल. मोटारमालकांनी चाळीस हजार कोणाच्या हातात दिले, ते न्यायालयात येऊन सांगण्याचे कबूल केले आहे आणि डिस्चार्ज कार्ड दाखल झाले आहे.