स्केलेटरची मान माझ्या हातात आली

आधीच सांगतो, साडेनऊ हजार गेले ते एका बाहुल्यापायी. हसायचं असेल तर हसून घ्या. पोलीस ठाण्यातले हवालदारही आधी हसले, मग तक्रार लिहून घेतली.

दूरदर्शनवर ही-मॅन हे कार्टून लागायचं तेव्हाची आमची कोल्हापुरातली पिढी. महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून वडिलांनी मला त्यातल्या खलनायकाचा, स्केलेटरचा बाहुला आणून दिला होता. निळं अंग, पिवळी कवटी, छातीवर जांभळं चिलखत. एका संध्याकाळी रंकाळा तलावाच्या कठड्यावर खेळताना तो पाण्यात पडला तो गेलाच. चाळिशी उलटल्यावर मी जुनी खेळणी जमवायचा छंद धरला आणि ही रंकाळ्याची गोष्ट संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगवून लिहिली. गळाला लावायचं आमिष मीच करून दिलं म्हणा ना.

तिसऱ्या दिवशी मेसेज. "दादा, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मामाचा अस्साच आहे. 1981 चा पीस, गॅरंटी. तुमच्याशिवाय कुणाला द्यायला मन होत नाही."

इथंच कान टवकारायला हवे होते. मॅटेल कंपनीनं ही ही-मॅनची खेळणी बाजारात आणली 1982 मध्ये. पाठीवर 1981 छापलेलं असतं ते कॉपीराइटचं साल, पीस बनल्याचं नव्हे. पुढे कितीतरी वर्षांनी बनलेल्या पिसावरही तेच साल दिसतं. मुरलेला संग्राहक '81 चा पीस' असं म्हणणारच नाही. मला हे पाठ होतं हो! पण 'मामाचा' म्हटल्यावर माझं डोकं रंकाळ्यावर गेलं.

तरी मी अगदीच बावळट नव्हतो. कमरेचा व्हिडिओ मागितला, कारण जुन्या पिसाच्या कमरेत स्प्रिंग असते. धड पिळून सोडलं की झटक्यात जागेवर येतं. व्हिडिओ आला, त्यात कंबर बरोबर फिरली. तारखेची चिठ्ठी ठेवून फोटो मागितला, तोही आला. फक्त चिठ्ठी बंद खोक्याशेजारी होती, स्केलेटरशेजारी नव्हती. ते माझ्या लक्षात आलं पार्सल फोडल्यावर. आधी चार हजार, मग "कुरिअरवाला दारात उभा आहे" म्हणून उरलेले साडेपाच, दोन्ही यूपीआयनं.

शाहूपुरीतल्या मित्राच्या दुकानात, काउंटरवरच पार्सल फोडलं. मित्र म्हणाला, "भावा, ह्याचं कोपर वाकतंय की!" जुन्या स्केलेटरचं कोपर वाकत नाही, गुडघाही नाही. हा होता मॅटेलच्याच नव्या ओरिजिन्स मालिकेतला, 2020 पासून दुकानात आलेला. उंची जुन्याएवढीच साडेपाच इंच, थाट जुना, पण सांधे 16. छातीच्या चिलखतावर पॉलिश पेपर मारून रंग उडवला होता, आणि पायांच्या बेचक्यात चहाच्या पाण्यासारखा तपकिरी डाग वाळला होता. खात्री करायला मी डोकं जरा ओढलं, तर टप्पकन हातात आलं. ओरिजिन्सची डोकी, हात, पाय अदलाबदल करता यावेत म्हणून निघणारेच केलेले असतात. तो माल वाईट नाही, माझ्याकडे आनंदानं घेतलेले चार आहेत. डबाबंद नवा घेतला असता तर निम्म्याहून कमी पैसे गेले असते.

विकणाऱ्याला फोन लावला तर नंबर बंद. मग लाजेपायी मी नऊ दिवस गप्प बसलो, ही दुसरी चूक. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तेव्हा पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे कधी पाठवले?" लगेच कळवलं तर पैसे खात्यातच अडवता येण्याची शक्यता असते. नऊ दिवसांत ते पुढं कुठंकुठं गेले असतील कोण जाणे. बायको एवढंच म्हणाली, "अहो, रंकाळ्यात पडला तो बरा होता, फुकट गेला."

आता तुम्ही जुना पीस घेणार असाल तर व्हिडिओ कॉलवरच बघा, आणि समोरच्याला तुम्ही सांगाल तेच करायला लावा: उजवा हात वर कर, पालथा कर, पाठीवरचा छाप दाखव. तयार व्हिडिओ कुणाचाही उचलता येतो. मला आलेला बारा सेकंदांचा होता. मागं हिरवी चादर आणि अंगठ्याच्या नखावर काळा डाग. त्या हाताच्या मालकाला बिचाऱ्याला पत्ताही नसेल. गेल्या आठवड्यात सांगलीच्या एका मित्राला तोच व्हिडिओ आला, नंबर वेगळा. या वेळी स्केलेटर मामाचा नव्हता, आजोबांचा होता.