हाएनची ‘सान अंतोन’ रात्रशर्यत : वेळेसाठी नव्हे, मशालींसाठी

दक्षिण स्पेनमधील अंदालुसिया प्रदेशातल्या हाएन या जुन्या शहरात जानेवारीच्या मध्यावर रात्री होणारी ही शर्यत 1984 मध्ये सुरू झाली. अंतर सुमारे 10 किलोमीटर. आघाडीला नामवंत धावपटू आणि त्यांच्यामागे हजारो हौशी नागरिक असे तिचे स्वरूप असले, तरी तिची खरी मातब्बरी धावणाऱ्यांपेक्षा बघ्यांमुळे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे; कारण शहरातले लोक पेटत्या मशाली हातात धरून रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात आणि अगदी शेवटच्या धावपटूलाही त्याच उत्साहाने ओरडून पुढे पाठवतात.

या मशाली आयोजकांनी शोभेसाठी शोधून काढलेल्या नाहीत. 17 जानेवारी हा पाळीव प्राण्यांचा रक्षणकर्ता मानल्या जाणाऱ्या सान अंतोन या ख्रिस्ती संताचा सण, आणि त्याच्या आदल्या रात्री हाएनच्या वस्त्यावस्त्यांत ‘लुंब्रेस’ म्हणजे मोठ्या शेकोट्या पेटवण्याची जुनी रीत आहे. हा प्रांत ऑलिव्ह तेलासाठी जगप्रसिद्ध असल्यामुळे छाटलेल्या ऑलिव्हच्या फांद्या सरपणाला सहज मिळतात. आगीभोवती फेर धरून ‘मेलेंचोनेस’ ही लोकगीते गातात, मक्याच्या लाह्या आणि भाजलेला भोपळा खातात. मराठी माणसाला इथे होळीची आठवण हमखास येईल, फक्त थंडी मात्र कडाक्याची.

ज्यांना आपली सर्वोत्तम वेळ नोंदवायची आहे, त्यांनी दुसरी शर्यत निवडावी. सांता कातालिना किल्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरात सपाट रस्ता मिळणे कठीण. उतारावर सुरुवातीला उधळलेली ताकद पुढच्या चढावर व्याजासह फेडावी लागते. शिवाय मशालींचा धूर दम्याच्या रुग्णांना सोसणारा नाही. धावून झाल्यावर घामाचे कपडे लगेच बदलता यावेत, एवढी सोय आपली आपणच करावी.

ग्रानादाहून हे शहर सुमारे 90 किलोमीटरवर आहे, त्यामुळे तिथला अल्हाम्ब्रा हा किल्लेवजा राजवाडा पाहायला गेलेल्यांना तारीख जुळवणे शक्य आहे. दिवसा आंद्रेस दे वांदेलवीरा या वास्तुविशारदाच्या आराखड्यातून उभे राहिलेले कॅथेड्रल पाहावे. मुलांच्या शर्यती मुख्य शर्यतीच्या आधी होतात, तेव्हा सहकुटुंब जाणाऱ्यांनी नावनोंदणी करताना त्यांचाही विचार जरूर करावा.