“बॉडीला रोग लागलाय” म्हणून मागितलेले पैसे

घरात हॉर्नबी-डब्लो या ब्रिटिश खेळण्यातल्या रेल्वेचं जुनं इंजिन पडून असेल आणि “सर, शोरूमसारखं करून देतो” म्हणणारा कुणी फोनवर भेटला असेल, तर पार्सल करायच्या आधी हे वाचा.

आमचं इंजिन म्हणजे मामांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली ‘डचेस ऑफ मॉन्ट्रोज’. हिरवा रंग, नंबर ४६२३२, लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचं काम. हे मॉडेल १९५३ मध्ये आलं. तीन रुळांवर चालतं. मधल्या रुळावरून करंट घेणारी पट्टी इंजिनाच्या पोटाखाली असते. ते अडखळत चालायचं, बाकी काही बिघाड नव्हता. परभणीत असली कामं करणारं कुणी नाही. एका ग्रुपवर दूरच्या शहरातला एक ‘रिस्टोरर’ भेटला. चार हजार ॲडव्हान्स घेतला, इंजिन पोचल्याचं कळवलं आणि मग गप्प.

पुढं एकदम फोटो आला: तडे गेलेली बॉडी. “सर, मॅझॅक रॉट आहे. नवीन बॉडी घालावी लागेल, साडेसहा हजार.”

आता हा रोग खोटा नाही, हेच या माणसाचं कसब. मॅझॅक म्हणजे जस्ताचा मिश्रधातू; त्यात शिसं मिसळलं गेलं की धातू आतून कुजतो, फुगतो, तडकतो आणि त्यावर इलाज नसतो. पण तो मुख्यतः युद्धापूर्वीच्या ओतकामात दिसतो. १९५३ नंतरच्या बॉड्या सहसा ठणठणीत निघतात.

फोटो शेजारच्या काकांना दाखवला. ते पूर्णा शेडातले जुने फिटर, मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनांवर हात काळे केलेले. चष्मा वर सारून म्हणाले, “आरं, हे तर उतरत्या नाकाचं दिसतंय. तुझ्या इंजिनाचं तोंड गोल ना?” बरोबर! फोटोतली बॉडी ए-फोर या उतरत्या नाकाच्या इंजिनाची होती, १९३८ च्या ‘सर नायजेल ग्रेस्ली’ची असावी. माझ्या डचेसशी तिचा काही संबंध नव्हता.

इंजिन परत मागितलं तर साहेब “तपासणी आणि पॅकिंग” म्हणून आणखी दोन हजारांवर अडले. ते भरले, तेव्हा खोकं आलं. बॉडी आमचीच, एकही तडा नाही. पण आतली मूळ मोटर गायब आणि तिच्या जागी खेळण्यातल्या गाडीची चिनी मोटर गरम गोंदानं चिकटवलेली. पोटाखालची पट्टीही नाही, म्हणजे तीन रुळांवर ते चालणारच नाही. मूळ हिरव्यावर स्प्रे मारला होता, तो अंगठ्यानं खरवडला तरी निघत होता. जुना रंग गेला की शौकिनांच्या लेखी किंमत निम्म्यावरच येते म्हणा ना.

खरं काम करणारा आधी मोटरला वीज पोचवणारे भाग, म्हणजे कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटर, आणि घट्ट झालेलं तेल बघतो, मोटरचं चुंबक कमजोर असेल तर त्यात चुंबकत्व परत भरतो. बॉडीला हात लावायची वेळ क्वचितच येते. रोगाचा फोटो आलाच तर तुमच्या इंजिनाचा नंबर दिसणारा व्हिडिओ मागा. पाठवण्याआधी पोट उघडून मोटरचे फोटो काढा आणि आतल्या बाजूला बारीक खूण करा.

पैशासाठी सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. त्या रिस्टोररचा नंबर आता लागत नाही. पण तोच तडकलेल्या बॉडीचा फोटो परवा दुसऱ्या नावानं एका ग्रुपवर फिरत होता.