अ‍ॅप्ट, होमब्रू की कोंडा? कन्नड-मराठी ओसीआरची मांडणी करण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच घरांत जमिनीच्या एकाच फाईलमध्ये दोन भाषा सापडतात. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचे, मुंबई राज्याच्या काळातले कागद मराठीत. नंतरचे उतारे, नोटिसा, निकाल कन्नडमध्ये. ही फाईल स्कॅन करून त्यात नावं शोधता येतील अशी पीडीएफ करायची असेल तर लिनक्सवर टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारा प्रोग्रॅम; या कामालाच ओसीआर म्हणतात) आणि त्याच्यावर बसणारं, तो मजकूर पीडीएफमध्ये भरणारं ओसीआरमायपीडीएफ ही जोडी पुरेशी आहे, आणि फुकट आहे. मोडीतले कागद मात्र बाजूला ठेवा. टेसरॅक्टच्या अधिकृत भाषांमध्ये मोडी नाही.

हीच जोडी तीन वाटांनी बसवता येते: उबंटू-डेबियनचं अ‍ॅप्ट, होमब्रू आणि कोंडा, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारी तीन साधनं. तिन्ही चांगल्या आहेत. त्रास होतो तो एकाच मशीनवर दोन वाटा नकळत एकत्र आल्या की. निवड करताना म्हणूनच ‘कोणतं नवं, कोणतं वेगवान’ यापेक्षा ‘टेसरॅक्ट लिहिल्यावर नेमकं कुठलं टेसरॅक्ट चालणार’ हा प्रश्न आधी सोडवायला हवा. तो प्रश्न पाथचा आहे. (कमांड आणि फोल्डरची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची.)

पाथ कसा वाचला जातो

पाथ म्हणजे कोलनने जोडलेली फोल्डरांची यादी. शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) ती डावीकडून उजवीकडे बघत जातो आणि पहिल्यांदा जिथे त्या नावाची फाईल सापडते तिथेच थांबतो. पुढच्या फोल्डरमध्ये नवी आवृत्ती असली तरी तिच्याकडे बघितलंच जात नाही. एका नावाच्या किती फाइली आहेत ते ‘टाइप -ए टेसरॅक्ट’ने कळतं. ‘विच’पेक्षा हे बरं, कारण ते अलियास (कमांडची टोपणनावं) आणि फंक्शनही दाखवतं आणि सगळ्या जागा क्रमाने देतं. दोन ओळी आल्या तर दोन टेसरॅक्ट आहेत, आणि वरचं चालतंय.

इथे एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना फसवते. बॅश, म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा शेल, एकदा चालवलेल्या कमांडची जागा लक्षात ठेवतो. /यूएसआर/बिनमधलं टेसरॅक्ट तुम्ही सकाळी चालवलं, दुपारी पाथमध्ये आधी येणाऱ्या फोल्डरात नवं बसवलं, तरी त्याच टर्मिनलमध्ये जुनंच चालत राहतं. ‘हॅश -आर’ दिलं की ती आठवण पुसली जाते. नवं टर्मिनल उघडलं तरी चालतं.

पाथमध्ये भर कुठे घालायची, यावर फार गोंधळ आहे. उबंटूवर मूळ यादी /ईटीसी/एन्व्हायर्नमेंटमध्ये असते. तुमच्या होममधली डॉट-प्रोफाइल फाईल लॉगिनच्या वेळी वाचली जाते, आणि होममध्ये ‘बिन’ किंवा ‘डॉट-लोकल/बिन’ हे फोल्डर असतील तर त्यांना ती यादीत पुढे घालते. असतील तर, हे महत्त्वाचं. फोल्डर आत्ता बनवला असेल तर लॉगआउट होऊन परत आल्याशिवाय तो पाथमध्ये येत नाही. शिवाय डॉट-बॅश-प्रोफाइल नावाची फाईल कुणी बनवून ठेवली असेल तर बॅश डॉट-प्रोफाइल वाचतच नाही. एखाद्या सॉफ्टवेअरच्या सूचना वाचून लोक ती फाईल बनवतात आणि मग दुसऱ्याच गोष्टी बंद पडतात.

डॉट-बॅशआरसी ही फक्त तुम्ही समोर बसून वापरत असलेल्या टर्मिनलसाठी. उबंटूच्या त्या फाईलमध्ये अगदी वरच ‘शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत फिर’ अशी ओळ आहे. त्यामुळे तिथे खाली घातलेला पाथ क्रॉनला (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय), डेस्कटॉपच्या आयकॉनवरून उघडलेल्या प्रोग्रॅमला किंवा स्क्रिप्टला मिळत नाही. क्रॉनचा स्वतःचा पाथ डेबियन-उबंटूवर /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो. रात्री स्कॅनच्या फोल्डरवर आपोआप ओसीआर चालवायचं असेल तर क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची फाईल) वरच्या ओळीत पाथ पूर्ण लिहा. सुडोचंही (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारा) तसंच: तो तुमचा पाथ टाकून स्वतःचा सुरक्षित पाथ वापरतो. टर्मिनलमध्ये चालणारी कमांड सुडोने ‘नॉट फाउंड’ येते, ती यामुळे.

पाथच्या शेवटी चुकून एक मोकळा कोलन राहिला तर त्याचा अर्थ ‘आत्ता ज्या फोल्डरमध्ये आहात तो’ असा होतो. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये उभं राहून एलएस (फोल्डरमधली यादी दाखवणारी कमांड) टाइप करताना एखाद्या अक्षराची चूक झाली आणि त्या नावाची फाईल तिथे असली, तर ती चालेल. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह रोज लागणाऱ्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात हा धोका खरा आहे.

अ‍ॅप्ट

उबंटू किंवा डेबियन असेल आणि हे काम दुकानासाठी, ऑफिससाठी, घरासाठी असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: अ‍ॅप्ट घ्या. ‘सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल’पुढे चार नावं लागतात: ओसीआरमायपीडीएफ, टेसरॅक्ट-ओसीआर, टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर आणि टेसरॅक्ट-ओसीआर-केएएन. शेवटची दोन मराठी आणि कन्नडची भाषा-माहिती. घोस्टस्क्रिप्ट (पीडीएफ हाताळणारा प्रोग्रॅम) आणि बाकीची अवलंबनं (ज्यांच्याशिवाय हे चालत नाही ती पॅकेजं) अ‍ॅप्ट स्वतः ओढून आणतं. सगळं /यूएसआर/बिनमध्ये जातं, ते पाथमध्ये आधीपासून आहे, क्रॉनला आणि सुडोलाही दिसतं. मांडणीत तुम्हाला हात घालावाच लागत नाही, हा याचा सगळ्यात मोठा गुण.

बदल्यात आवृत्ती जुनी मिळते. उबंटू २२.०४ वर टेसरॅक्ट ४.१.१ आहे, २४.०४ वर ५.३.४. टेसरॅक्ट ५ नोव्हेंबर २०२१ मध्ये आलं, तरी २२.०४ च्या भांडारात (पॅकेजं जिथून येतात तो साठा) चारच राहिलं. छापील कन्नड-मराठी कागदांसाठी या फरकाने फार अडत नाही. ३०० डीपीआयला सरळ स्कॅन करण्याने जास्त फरक पडतो. पण आवृत्तीबरोबर भाषा-माहितीची जागा बदलते. २२.०४ वर ती /यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/४.००/टेसडेटामध्ये असते, २४.०४ वर त्याच वाटेने ५/टेसडेटामध्ये. कुणी पूर्वी ‘टेसडेटा-प्रीफिक्स’ हा व्हेरिएबल (भाषा-माहितीची जागा सांगणारी सेटिंग) जुन्या जागेवर बांधून ठेवला असेल, तर अपग्रेडनंतर ‘एमएआर डॉट ट्रेन्डडेटा उघडता येत नाही’ असा संदेश येतो. पॅकेज बसलेलं असतं, फाईल जागेवर असते, आणि माणूस उगाच परत परत इन्स्टॉल करत बसतो. अ‍ॅप्टवाल्यांनी तो व्हेरिएबल ठेवूच नये. ‘टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज’ने कुठल्या भाषा खरंच दिसतात ते आधी पाहा.

नवी आवृत्ती हवी म्हणून पुढच्या रिलीजचं भांडार किंवा इकडचं-तिकडचं पीपीए (उबंटूबाहेरच्या लोकांनी चालवलेलं भांडार) जोडणं ही अ‍ॅप्ट मोडण्याची हमखास वाट आहे. एक लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती सामायिक फाईल) नव्या रिलीजची आली की तिच्यावर उभ्या असलेल्या बाकीच्या पॅकेजांना जुनी हवी असते, आणि ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ येतं. आधी ‘अ‍ॅप्ट इन्स्टॉल -एस’ने रंगीत तालीम घ्या, काय काढलं जाणार याची यादी त्यात येते. यादीत डेस्कटॉपची पॅकेजं दिसली तर तिथेच थांबा.

खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. इन्स्टॉल चालू असताना वीज गेली तर डीपीकेजीचं (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं आतलं साधन) काम अर्धवट राहतं. परत आल्यावर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि नंतर ‘सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ या दोन कमांडींनी ते बहुधा जागेवर येतं. नेट कमी असेल तर शहरातल्या मशीनवर ‘अ‍ॅप्ट-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली’ द्या. डेब फाइली /व्हार/कॅशे/अ‍ॅप्ट/आर्काइव्ह्जमध्ये जमा होतात, त्या पेनड्राइव्हने न्या. मात्र दोन्ही मशीनवर तीच रिलीज आणि तोच प्रोसेसर-प्रकार हवा. शिवाय शहरातल्या मशीनवर जे आधीच बसलेलं आहे ते पुन्हा उतरत नाही, म्हणून तिथली मांडणी शक्यतो कोरी असावी.

होमब्रू

मॅकवर प्रश्नच नाही, होमब्रूच. टेसरॅक्ट या फॉर्म्युलात (होमब्रूच्या पॅकेजात) इंग्रजी असते, मराठी-कन्नड नसते. त्यासाठी टेसरॅक्ट-लँग वेगळं बसवावं लागतं, आणि त्यात जगभरच्या सगळ्या भाषा एकदम येतात. फक्त दोन हव्या म्हणून निवडता येत नाहीत.

एम-मालिकेच्या मॅकवर ब्रू (होमब्रूच्या कमांडचं नाव) /ऑप्ट/होमब्रूमध्ये राहतं, इंटेल मॅकवर /यूएसआर/लोकलमध्ये, लिनक्सवर /होम/लिनक्सब्रू/डॉट-लिनक्सब्रूमध्ये. जुन्या इंटेल मॅकवरून सगळा डेटा नव्या मॅकवर हलवला की दोन्ही ब्रू शिल्लक राहू शकतात. अशा वेळी ‘टाइप -ए ब्रू’ आधी बघा. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकचा शेल झेडएसएच आहे. तिथे पाथ डॉट-झेडएसएच-एन्व्हमध्ये घातला तर लॉगिन टर्मिनलमध्ये त्यानंतर चालणारा मॅकचा पाथ-हेल्पर सिस्टिमचे फोल्डर पुन्हा पुढे आणतो आणि तुमचे मागे ढकलतो. ‘ब्रू शेलएन्व्ह’ची (ब्रूचे फोल्डर पाथमध्ये आणणारी) ओळ म्हणून डॉट-झेडप्रोफाइलमध्ये ठेवायची.

उबंटूवर ब्रू बसवायचं का? टेसरॅक्टची ताजी आवृत्ती हवी आणि सिस्टिमला हात लावायचा नाही, तर बसवा. सुडो लागतो तो पहिल्यांदा बसवताना, रोजच्या वापरात नाही. पण शेलएन्व्ह ब्रूचा फोल्डर पाथच्या सुरुवातीला आणतो, आणि ओसीआरमायपीडीएफसाठी ब्रू स्वतःचा पायथनही आणतं. मग ‘पायथन३’ लिहिल्यावर ब्रूचा पायथन चालतो, आणि अ‍ॅप्टने बसवलेली पायथन मॉड्यूल्स त्याला दिसत नाहीत. त्याशिवाय ब्रूचा फोल्डर एका वापरकर्त्याच्या मालकीचा असतो. एकाच कॉम्प्युटरवर दोघांची वेगळी लॉगिन असतील तर दुसऱ्याला अपडेट करता येत नाही, आणि मग कुणीतरी सुडोने ब्रू चालवायला जातं. ते कधीच करू नका.

ब्रू आपणहून आवृत्ती गोठवत नाही. एक गोष्ट बसवायला गेलात की ते आधी स्वतःला अपडेट करतं आणि अवलंबून असलेल्या दुसऱ्या गोष्टीही वर नेऊ शकतं. महिनाअखेर पन्नास फाइली द्यायच्या आहेत अशा आठवड्यात ‘ब्रू अपग्रेड’ टाळा.

कोंडा

कोंडा आमच्या मते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी. बेळगावात व्हीटीयू या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय, भोवती कॉलेजं. प्रोजेक्टमध्ये ओपनसीव्ही, पायटॉर्च आणि टेसरॅक्ट एकत्र लागतात. एन्व्हायर्नमेंट डॉट वायएमएल ही पॅकेजांच्या यादीची फाईल दिली की मित्राच्या लॅपटॉपवर तीच मांडणी उभी राहते. मिनिफोर्ज (कोंडा बसवणारा इन्स्टॉलर) घ्या; ते सरळ कोंडा-फोर्ज चॅनेल (पॅकेजांचा साठा) वापरतं आणि मोठ्या संस्थांना लागू होणाऱ्या अ‍ॅनाकोंडाच्या व्यावसायिक अटींचा प्रश्न येत नाही. चॅनेल मिसळू नका.

एन्व्हायर्नमेंट (कोंडाने वेगळा ठेवलेला पॅकेजांचा संच) अ‍ॅक्टिव्हेट केलं की त्याचा बिन फोल्डर पाथच्या सुरुवातीला येतो. कोंडा-इनिट डॉट-बॅशआरसीत जो भाग घालतं, त्याने बेस हे एन्व्हायर्नमेंट प्रत्येक टर्मिनलमध्ये आपोआप चालू होतं. नेमका घोळ इथे होतो. ओसीआरमायपीडीएफ टेसरॅक्टला पाथमधूनच शोधून हाक मारतं. अ‍ॅप्टचं ओसीआरमायपीडीएफ, पण चालू कोंडामधलं टेसरॅक्ट, अशी जोडी जमते. ते टेसरॅक्ट अ‍ॅप्टने आणलेली कन्नड माहिती बघत नाही, आपल्याच टेसडेटा फोल्डरमध्ये शोधतं. क्रॉनमधून तेच काम बिनतक्रार होतं, कारण तिथे कोंडा नसतो. उपाय: ‘कोंडा कॉन्फिग --सेट ऑटो_अ‍ॅक्टिव्हेट_बेस फॉल्स’. कोंडा हवा तेव्हाच चालू करा.

दुसरी चूक याहून महाग पडते: कोंडाचा लिब फोल्डर एलडी-लायब्ररी-पाथ या, लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये घालणं. कोंडाच्या प्रोग्रॅमना त्याची गरज नसते, आपल्या लायब्ररींची वाट त्यांच्यातच लिहिलेली असते. पण सिस्टिमचे प्रोग्रॅम त्या चुकीच्या लायब्ररी उचलतात. बॅश सुरू होताना ‘लिबटिनफो... नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल’ असा इशारा आला तर आधी हा व्हेरिएबल शोधा. कुठला प्रोग्रॅम कुठली लायब्ररी घेतो ते ‘एलडीडी’ दाखवतं.

अर्ध्यात वीज गेलेलं कोंडा-एन्व्हायर्नमेंट दुरुस्त करत बसू नका. काढून टाका आणि वायएमएल फाईलवरून परत बनवा.

पिप, फ्लॅटपॅक, निक्स

पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) ओसीआरमायपीडीएफ बसतं, पण फक्त त्याचा पायथनचा भाग. टेसरॅक्ट आणि घोस्टस्क्रिप्ट तुम्हालाच आणावे लागतात. डेबियन १२ आणि उबंटू २४.०४ वर थेट पिप चालवलं तर ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून नकार मिळतो. ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय वापरून तो मोडू नका. व्हेनव्ह, म्हणजे पायथनच्या पॅकेजांचा वेगळा फोल्डर, बनवा (आधी पायथन३-व्हेनव्ह पॅकेज लागेल). आणि व्हेनव्हचा फोल्डर दुसरीकडे हलवू नका. आतल्या स्क्रिप्टमध्ये पायथनची पूर्ण वाट लिहिलेली असते, ती तुटते. /यूएसआर/बिनमधला पायथन३ दुसऱ्या आवृत्तीकडे वळवणं तर पूर्ण वर्ज्य: अ‍ॅप्टची काही साधनं त्याच्यावरच चालतात, आणि उबंटूवर टर्मिनल उघडायचं बंद झाल्याची उदाहरणं आहेत.

फ्लॅटपॅक खिडकीवाल्या प्रोग्रॅमसाठी छान, या कामासाठी नाही. निक्स तत्त्वाने सगळ्यांत शुद्ध आहे, प्रत्येक आवृत्ती /निक्स/स्टोअरमध्ये स्वतंत्र ठेवतं. पण जागा भरपूर खातं आणि शिकायला वेळ लागतो. वर्षभर आवृत्ती जराही हलू नये असं काम असेल तरच त्याच्या वाटेला जा.

दोन वाटा एकत्र ठेवायच्याच असतील, उदाहरणार्थ दुकानासाठी अ‍ॅप्ट आणि मुलीच्या प्रोजेक्टसाठी कोंडा, तर दुकानाच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याच ओळींत पाथ स्वतः ठरवा: /यूएसआर/बिन आणि /बिन, बस्स. टेसडेटा-प्रीफिक्स तिथे अनसेट करा. मग भाषा ‘-एल केएएन+एमएआर’ अशी द्या. ज्या भाषेचा मजकूर जास्त ती आधी लिहा. पानं भाषेप्रमाणे आधीच वेगळी करता आली तर एकेक भाषाच द्या, कारण दोन एकत्र दिल्या की वेळ वाढतो आणि अंकांत, खुणांत चुका जास्त होतात. सर्व्हे नंबर मात्र दोन्ही वेळा मूळ कागदाशी ताडून बघायचेच.