घरगुती हवामापक यंत्र: महाबळेश्वरच्या धुक्यात कितपत भरवशाचे?

लेझरवर चालणारे हे छोटेखानी यंत्र आम्ही महाबळेश्वरच्या घरासाठी घेतले. कोरड्या दिवसांत ते उत्तम चालते: हिवाळ्यात संध्याकाळी जवळपास पालापाचोळा पेटवला की पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आकडा काही मिनिटांत चढतो आणि वारा सुटला की उतरतो. बॅटरी आणि नोंदींबद्दलही तक्रार नाही.

पावसाळ्यात मात्र त्याच्यावर विसंबू नये. सावित्रीच्या खोऱ्यातून वर आलेला ढग व्हरांड्यात शिरला की कुठेही धूर नसताना आकडा ३० वरून ३०० च्या पुढे जातो, आणि यंत्र घरात दिव्याच्या उबेत ठेवले की पुन्हा खाली येतो. लेझरचा प्रकाश कोरड्या कणावरून विखुरतो तसाच पाणी पिऊन फुगलेल्या कणावरून आणि ढगाच्या थेंबावरूनही विखुरतो. यंत्राला त्यांतला फरक कळत नाही. समुद्री मिठाचे आणि सल्फेटचे कण आर्द्रतेबरोबर फुगत जातात आणि हवा संपृक्ततेच्या, म्हणजे तिच्यात मावेल तेवढी वाफ भरल्याच्या, किंचित पुढे गेली की त्यांतल्या काहींचे थेंब बनतात. कोणत्या कणाचा थेंब होणार हे त्याच्या आकारावर आणि घटकांवर तर ठरतेच, पण डोंगरउतारावरून हवा किती वेगाने वर चढते यावरही ठरते, कारण चढ वेगवान असेल तर अतिसंपृक्तता वाढते आणि एरवी मागे राहिलेल्या लहान कणांचेही थेंब बनतात. पाणी तेवढेच आणि कण जास्त असतील, तर थेंब पुष्कळ पण बारीक होतात आणि एकमेकांत मिसळून पावसाएवढे व्हायला त्यांना वेळ लागतो.

थेंबांना जन्म देणारे बरेचसे कण ०.१ मायक्रॉनच्या आसपासचे असतात, आणि अशा स्वस्त यंत्रांना साधारण ०.३ मायक्रॉनखालचे कण जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे ढग घडवणारे कण सुटतात आणि तयार थेंब धूळ म्हणून मोजले जातात. पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने) २०१२ साली इथेच मेघभौतिकी प्रयोगशाळा सुरू केली, ती उगाच नव्हे. ढग घडवणारे कण मोजायला ओल्या भिंतींच्या नळीत ठरावीक अतिसंपृक्तता निर्माण करून थेंब मोजणारे वेगळे उपकरण लागते.

खोक्यावर ‘सर्व ऋतूंत अचूक’ असे छापून माहितीपत्रकात बारीक अक्षरांत आर्द्रतेची मर्यादा देणे मला गैर वाटते. पाचपैकी तीन तारे. घ्यायचे असेल तर आर्द्रता दाखवणारेच घ्यावे, आणि ती ८५ टक्क्यांपुढे गेली की पीएमचा आकडा नोंदवहीत धरू नये.